पन्नास शब्दांत भिलारे काकू

"नुसतं 'कार्यरत' नको हो, मॅडम. 'अथक कार्यरत' करा," जाचक साहेब म्हणाले. "नुसतं कार्यरत म्हटलं की वाटतं, माणूस पाचला घरी जातो."

जाचक साहेब चारला घरी जात. मी 'अथक' लिहिलं.

टेबलाखाली मांडीवर माझा फोन होता, आवाज बंद करून, पण थरथर चालू ठेवून. सकाळी रेवाला ताप नव्हता. पण तिचे कान गरम लागले होते, आणि कान गरम लागणं म्हणजे ताप की कानटोपी, हे ठरवता न आल्यामुळे मी सकाळपासून त्या थरथरीची वाट बघत बसले होते. रेवा तेव्हा दहा महिन्यांची होती. आता ती तिसरीत आहे आणि माझे कान गरम करते. म्हणजे या गोष्टीला आठ वर्षं झाली.

एरंडवण्यातल्या एका प्रतिष्ठानात मी नोकरीला होते. सरकारला धोरणं लिहून देणारी संस्था. मी अर्थशास्त्रात एम. ए., आणि नेमणूकपत्रावर 'संशोधन सहायक' असं छापलेलं. कंत्राट अकरा महिन्यांचं, मार्चमध्ये ते पुढे चालू होणार की नाही हे ठरायचं होतं. पण संशोधन असं मला कोणी करू दिलं नाही. मी परिचय लिहायचे.

हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण त्या इमारतीत धोरणापेक्षा परिचयाला जास्त वेळ लागे. प्रत्येक तज्ज्ञाचा परिचय तीन मापांत तयार ठेवावा लागे. पन्नास शब्दांचा पत्रिकेसाठी, दीडशेचा अहवालाच्या मागच्या पानासाठी आणि चारशेचा व्यासपीठावरून वाचून दाखवण्यासाठी, शाल-श्रीफळाच्या आधी. आमचे संचालक डॉ. उकिडवे स्वतःचा चारशेचा परिचय सत्यनारायणाची कथा ऐकावी तसा ऐकत. मान खाली, डोळे मिटलेले. वाचणाऱ्याने एखादं विशेषण गाळलं की एक डोळा उघडायचा.

आठ महिन्यांत मी त्यातली विद्या शिकले. उकिडवे सर 'अनेक आंतरराष्ट्रीय समित्यांवर' होते, म्हणजे काठमांडूला एकदा तीन दिवस जाऊन आले होते. जाचक साहेब निवृत्त सनदी अधिकारी. कुठल्याशा मंत्र्याशी वाजलं म्हणून त्यांना सहा महिने मत्स्यव्यवसाय खात्यात टाकलं होतं आणि त्यांनी ते सहा महिने रजेवर काढले. परिचयात 'मत्स्यव्यवसाय क्षेत्राचा सखोल अनुभव' असं यायचं. तिसऱ्या नंदिता सबनीस, व्यवस्थापन सल्लागार. त्या परदेशी विद्यापीठात शिकल्या होत्या, सोमवार ते शुक्रवार. यात खोटं एक अक्षर नसे. माझं काम तेच होतं, खोटं न लिहिता.

त्या दिवशी हे तिघं एका टेबलाशी बसले होते, कारण त्यांची समिती झाली होती. विषय, खाजगी पाळणाघरं.

"परिस्थिती भीषण आहे," सबनीस मॅडम म्हणाल्या. "कोणीही उठतं आणि पाळणाघर काढतं. बॅकग्राउंड काय त्या बायकांचं?"

"तोच कळीचा मुद्दा," उकिडवे सर म्हणाले. "पार्श्वभूमी. केतकी, लिहून घ्या. चालकाची व्यावसायिक पार्श्वभूमी."

मी लिहून घेतलं. ठरलं ते असं. आधी आमच्याच प्रभागात प्रयोग करायचा. प्रभागातल्या सात पाळणाघरांकडून अर्ज भरून घ्यायचे. गुरुवारी समिती ते अर्ज पाहील आणि ज्या चालकांची पार्श्वभूमी योग्य नाही, त्यांना प्रभाग कार्यालयाकडून महिन्याभरात बंद करण्याची नोटीस जाईल.

"सर, पण मग त्या मुलांचं काय?" मी विचारलं.

"कुठली मुलं?" उकिडवे सरांनी विचारलं.

तेवढ्यात मांडीवर फोन थरथरला आणि मी खुर्चीतून उडाले. बँकेचा होता.

*

सात पाळणाघरांतलं एक भिलारे काकूंचं. रेवा त्यांच्याकडे असायची.

त्यांच्याआधी मी दोन ठिकाणं बघितली होती. पहिल्या ठिकाणी सकाळी नऊला टीव्ही लागायचा आणि अकरा मुलं त्याच्यासमोर जेवणाच्या पंगतीसारखी बसलेली असायची. दुसरं झकपक होतं, भिंतीवर हत्ती-जिराफ, दारात कॅमेरा. मी ऑफिसातून त्या कॅमेऱ्यात बघत बसायचे. चौथ्या दिवशी मला दिसलं की रेवा चाळीस मिनिटं छताकडे बघत पडली आहे आणि तिच्या बाजूने लोक चालत जाताहेत. ती रडतही नव्हती. मी अर्धी रजा टाकून तिला घेऊन आले. सासूबाई सांगलीत, आई गुडघ्याच्या ऑपरेशनमधून उठलेली, नवरा चाकणला तीन पाळ्यांत. तिसरं ठिकाण मिळालं नसतं तर नोकरी त्याच आठवड्यात संपली असती.

भिलारे काकूंकडे कॅमेरा नव्हता, जिराफही नव्हता. कर्वेनगरात तळमजल्यावरच्या दोन खोल्या, फरशीवर सतरंजी आणि चौदा मुलं. पहिल्या दिवशी त्यांनी रेवाला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकलं, आणि मला म्हणाल्या, "जा तू. दाराबाहेर उभी राहून रडू नकोस, ह्या पोरांना वास येतो."

मी कोपऱ्यावर जाऊन रडले. संध्याकाळी आले तर रेवाच्या हनुवटीवर मऊभात वाळला होता आणि ती हसत होती. त्यानंतर मी रोज तिचे हातपाय तपासायचे, नखं बघायचे, डोक्याला टेंगूळ आहे का चाचपायचे. काकू ते बघायच्या.

"मोजून घे गं. बोटं वीस आहेत का?" त्या म्हणायच्या.

आता त्यांचा अर्ज माझ्या टेबलावर आला होता. वाकड्या, ठसठशीत अक्षरात. नाव, सुमन बाळासाहेब भिलारे. शिक्षण, नववी पास. आणि 'चालकाची व्यावसायिक पार्श्वभूमी, पन्नास शब्दांत' या रकान्यात तीन शब्द होते. 'मी पोरं सांभाळते.'

सगळे अर्ज टाइप करून मलाच तक्ता बनवायचा होता. ते तीन शब्द मी टाइप केले आणि खोडले. गुरुवारी सबनीस मॅडम ते वाचतील, ओठ मुडपतील आणि पुढच्या महिन्यात माझी मुलगी पुन्हा छताकडे बघत पडलेली असेल.

बुधवारी संध्याकाळी रेवाला न्यायला गेले तेव्हा काकू एका मुलाची चड्डी बदलत होत्या. मी वही काढली.

"काकू, अर्जात थोडं जास्त लिहायला हवं. किती वर्षं झाली पाळणाघराला?"

"धाकटा चौथीत होता तेव्हा काढलं. आता त्याला पोरगा झाला. बावीस धर."

"आणि एकूण मुलं किती सांभाळली असतील?"

"मोजतंय कोण? तीनशे तर झाली असतील. परवा एक आला होता, अमेरिकेत असतो म्हणे. दाढी एवढी. मी म्हटलं, तू सोफ्याखाली शी करायचास. बायको होती बरोबर."

मी लिहिलं. "दोन मुलं भांडली तर काय करता?"

"तिसऱ्याला खाऊ देते. दोघं भांडण सोडून त्याच्याकडे बघतात."

"पालकांशी कसं वागता?"

काकूंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "तुला माहीत नाही? रोज सकाळी दारात एक-दोघी रडत असतात. त्यांना म्हणते, जा." त्यांनी त्या मुलाला उभं केलं आणि त्याच्या ढुंगणावर हलकीशी थाप मारली. "हे सगळं कशाला विचारते गं? नववी पास म्हटलं तर बंद करणार का तुमचे साहेब?"

मी वहीचं पान उलटलं.

"त्यांनी किती पोरं सांभाळलीत?"

"दोन मुलं आहेत उकिडवे सरांना."

"असणं वेगळं, सांभाळणं वेगळं," काकू म्हणाल्या. "लिही काय लिहायचं ते. मला वाचून दाखव म्हणजे झालं. माझ्या नावावर खोटं नको."

मी तिथेच सतरंजीवर बसून लिहिलं. रेवा माझ्या पेनाचं टोपण चावत होती.

'श्रीमती सुमन भिलारे या बालसंगोपन क्षेत्रात बावीस वर्षांहून अधिक काळ अथक कार्यरत असून मर्यादित संसाधनांत विविध वयोगटांचे एकत्रित व्यवस्थापन, आहारनियोजन, संघर्षनिवारण आणि पालकांचे भावनिक समुपदेशन ही त्यांची विशेष क्षेत्रे होत. तीनशेहून अधिक लाभार्थी आज देश-विदेशांत विविध पदांवर आहेत. औपचारिक चौकटींच्या पलीकडे जाऊन त्यांनी स्वतःची अशी वेगळी कार्यपद्धती विकसित केली आहे.'

बरोबर पन्नास शब्द. मी वाचून दाखवलं. काकू हातातलं फडकं तसंच धरून ऐकत राहिल्या.

"परत वाच," त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"औपचारिक म्हणजे काय ते?"

"म्हणजे... नववी."

काकू हसल्या नाहीत. फडकं पिळलं, दोरीवर टाकलं, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या.

*

गुरुवारी समितीने सातही अर्ज पंचवीस मिनिटांत पाहिले. त्यात चहा धरला आहे. शिक्षणाचा वेगळा रकाना मी तक्त्यात घेतला नव्हता, समितीने फक्त पार्श्वभूमी मागितली होती.

तिसरा अर्ज शकुंतला ठोंबरे यांचा होता. शिक्षण आणि पार्श्वभूमी दोन्ही त्यांनी एका ओळीत, बारीक अक्षरात लिहिलं होतं. 'बी. ए., बालवाडी शिक्षिका, एकोणतीस वर्षे, निवृत्त.' मी तो जसाच्या तसा टाइप केला होता. त्यात काही कमी आहे असं मला वाटलंच नव्हतं.

"हे फारच त्रोटक आहे," सबनीस मॅडम म्हणाल्या. "व्हिजन दिसत नाही."

"पन्नास शब्द मागितले तर सहा दिले," जाचक साहेब म्हणाले. "यातच कामाची वृत्ती दिसते."

"मॅडम, पण एकोणतीस वर्षं बालवाडीत..." मी म्हटलं.

"तेच तर," उकिडवे सर म्हणाले. "एकाच जागी. वाढ नाही. नाव खोडा."

मी आणखी काही बोलू शकले असते. पण पुढचं पान भिलारे काकूंचं होतं, आणि माझं सगळं लक्ष त्या पानावर होतं. मी ठोंबरे बाईंच्या नावावर रेघ मारली.

सरांनी काकूंचे पन्नास शब्द मोठ्याने वाचले. वाचता वाचता त्यांचा आवाज आपोआप व्यासपीठावरचा झाला. 'समुपदेशन'पाशी ते किंचित थांबले. टाळ्यांची सवय.

"नाव ऐकल्यासारखं वाटतंय," जाचक साहेब म्हणाले.

"दिल्लीच्या परिषदेत होत्या बहुतेक," सबनीस मॅडम म्हणाल्या. "महिला आणि रोजगार. उंचशा आहेत ना?"

भिलारे काकू पाच फुटांना दोन बोटं कमी आहेत आणि सातारच्या पलीकडे गेलेल्या नाहीत.

"अहो, सुमनताई!" उकिडवे सर खुर्चीत मागे रेलले. "आमचा जुना परिचय. फार मूलगामी काम. पण पुण्यात आहेत आणि कळवलं नाही, हे काही बरोबर नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "मी काय म्हणतो, आपल्या समितीत प्रत्यक्ष क्षेत्रातलं कोणी नाही अशी उद्या टीका होईल. सुमनताईंना सदस्य म्हणून घेऊ. केतकी, पुढच्या बैठकीचं निमंत्रण पाठवा. आणि त्यांचा दीडशेचा परिचय मागवून घ्या."

अर्ज तरला होता, पण आता काकू प्रत्यक्ष येणार. त्या तोंड उघडतील, नववी बाहेर पडेल, तो परिचय कोणी लिहिला हे निघेल आणि माझी मुलगी त्यांच्याकडे असते हेही. पाळणाघर जाईल आणि नोकरीही.

"काकू, आजारी आहे म्हणून सांगा," मी संध्याकाळी विनवलं.

"का म्हणून? बोलावलंय ना?" काकू म्हणाल्या. "खोटं नाही लिहिलंस ना तू? मग घाबरते कशाला?"

*

त्या आल्या. ठेवणीतली जांभळी साडी, अंबाड्यावर अबोली. बाकीची मुलं शेजारच्या वहिनींकडे ठेवली होती. पण दोन मुलं वहिनींकडे राहत नसत, ती बरोबर आणली होती. एक शौनक नावाचा मुलगा बोटाला धरलेला. आणि कडेवर रेवा.

मी कोपऱ्यात बैठकीचं टिपण लिहायला बसले होते. रेवाने मला पाहिलं, दोन्ही हात पुढे केले आणि जो भोंगा पसरला, की जाचक साहेबांच्या बशीतला चहा हलला. मला मूल आहे हे त्या खोलीत कोणाला माहीत असेल तर माझ्या नोकरीच्या अर्जामुळे, आणि अर्ज कोणी वाचला नव्हता. आता रेवा 'आई' म्हणते की काय, या धास्तीने मी टिपणात डोकं घातलं. एरवी तिने तो शब्द म्हणावा म्हणून मी दोन महिने तिच्यापुढे तोंड वेंगाडत होते.

काकू सरळ माझ्याकडे आल्या. "अहो बाई, धरा जरा हिला," असं म्हणून, ओळखपाळख नसल्यासारखं, त्यांनी माझी मुलगी माझ्या मांडीवर ठेवली.

रेवा गप्प झाली.

"अरे वा!" सबनीस मॅडम म्हणाल्या. "लगेच शांत झाली. केतकी, तुम्हाला मुलांची आवड दिसते."

"पोरगी कुणाकडंही जाते हो," काकू म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. तिला गादी होती. त्यांनी ती हळूच दाबून पाहिली.

"सुमनताई, किती वर्षांनी भेट!" उकिडवे सर म्हणाले.

काकूंनी त्यांना नीट न्याहाळलं. "तुम्ही माझ्याकडं होतात का लहानपणी?"

खोलीत हशा पिकला. सर सगळ्यात जास्त हसले. "विनोदबुद्धी तीच!" ते म्हणाले. "बरं, ताई, मूल अस्वस्थ असेल तर आपली कार्यपद्धती काय?"

"रडत असंल तर आधी चड्डी बघायची."

"प्राथमिक कारणांची तपासणी," उकिडवे सर म्हणाले. "लिहा, केतकी."

"ओली नसंल तर भूक. भूक नसंल तर झोप. झोप नसंल तर आईनं सकाळी घरून भांडून आणलेलं असतं."

"कौटुंबिक ताणाचा परिणाम! आम्ही नेमकं हेच म्हणतोय," सबनीस मॅडम म्हणाल्या. आम्ही म्हणत नव्हतो.

"आणि मनुष्यबळाचं प्रमाण?" जाचक साहेबांनी विचारलं. "म्हणजे किती मुलांमागे किती..."

"दोन हात असत्यात माणसाला," काकू म्हणाल्या. "तिसरं पोर रडलं की ते रडतंच."

तिघंही गंभीरपणे माना डोलवत राहिले. जाचक साहेबांनी ते स्वतःच्या डायरीत लिहिलं. पुढे त्यांच्या एका भाषणात ते 'द्विहस्त सिद्धांत' या नावाने आलं. त्यांच्याच नावावर.

मी एका हाताने रेवाला धरून दुसऱ्याने लिहीत होते. "मॅडम, बाळ असू दे, पण टिपण नीट येऊ द्या," जाचक साहेब म्हणाले. बैठकीच्या सुरुवातीची भीती हळूहळू उतरली, आणि त्या जागी मला चक्क हसू यायला लागलं. काकू एक अक्षर खोटं बोलल्या नव्हत्या. समोरच्यांनी एक अक्षर खरं ऐकलं नव्हतं. पाळणाघर वाचलं होतं.

प्रभागातली सातपैकी पाच बंद झाली. उरली दोन. एक काकूंचं आणि दुसरं ते कॅमेऱ्याचं, जिथे पुढचं वर्षभर जागा नव्हती. तक्ता मीच बनवला होता, स्वच्छ, रकाने आखून.

मार्चमध्ये माझं कंत्राट पुढे चालू झालं. उकिडवे सर म्हणाले, "तुमची सुमनताईंशी चांगली तार जुळली आहे. त्यांच्या परिचयांचं काम तुम्हीच बघा."

*

ते काम वाढत गेलं. नागपूरची परिषद, नाशिकची कार्यशाळा. "केतकी, त्यांना दीडशेवाला पाहिजे म्हणे," काकू सांगायच्या आणि मी रेवाला घेता घेता लिहून द्यायचे. मला मजा वाटत होती. आपण केलेला गणपती कोणीतरी मखरात बसवावा तशी.

मे महिन्यात एका संध्याकाळी गेले, तर सतरंजी गुंडाळून उभी केली होती.

"बस," काकू म्हणाल्या. "एक तारखेपासून बंद करतेय."

मला वाटलं, सतरंजी बंद करताहेत. "काय बंद?"

"पाळणाघर."

"काकू, असं कसं? तुम्ही... तुम्ही पाळणाघराच्या समितीवर आहात!"

"म्हणून तर. महिन्यातनं बारा दिवस बाहेर. पोरं ठेवू कुणाकडं? पाळणाघरात?" त्या हसल्या. मी हसले नाही, हे बघून थांबल्या. "गुडघे गेलेत गं माझे. बावीस वर्षं फरशीवर बसतीय. तिथं खुर्ची देतात. पाणी आणून देतात. मी बोलले की लोक लिहून घेतात. इथं बावीस वर्षं बोलतीय, कुणी लिहून घेतलं?"

"मी घेतलं," मी म्हटलं.

"तूच घेतलंस. तेच सांगते." काकूंनी रेवाला उचललं, तिचं नाक पदराने पुसलं, आणि माझ्याकडे दिली. "त्या दिवशी तू मला वाचून दाखवलंस, आठवतंय? अथक कार्यरत, विशेष क्षेत्रे, काय काय. मला वाटलं, कोण ही बाई? एवढी मोठी बाई चौदा पोरांचं शी-शू कशाला काढत बसलीय?"

मी रेवाला छातीशी घट्ट धरून उभी होते. परिचय मी लिहिला होता आणि त्यात खोटं काही नव्हतं.

"मग आता मी कुठे ठेवू हिला?"

काकू पहिल्यांदाच खाली बघत बोलल्या. "माझ्याकडंच ठेव म्हणाले असते. पण मी नसते ना गं इथं."

दुसऱ्या दिवशी मी कर्वेनगर पालथं घातलं. शेवटी पाय आपोआप ठोंबरे बाईंच्या दाराशी गेले. व्हरांड्यात एक लाकडी घोडा उलटा ठेवलेला होता आणि भिंतीवर, मुलांच्या उंचीएवढ्या जागी, खडूने काढलेली आगगाडी अर्धी पुसली होती. बाई स्वतः दारात आल्या. पांढरे स्वच्छ केस, सुती साडी. रेवाने त्यांच्याकडे हात केला आणि त्यांनी तो, अगदी सवयीने, एका बोटाने पकडला.

"बंद झालं हो," त्या म्हणाल्या. "नोटीस आली. माझी पार्श्वभूमी कमी पडली म्हणे." मग जरा विचार करून म्हणाल्या, "मला वाटलं होतं, थोडक्यात लिहिलेलं बरं. साहेबलोकांना वेळ नसतो."

मी कोण आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. रेवाचं बोट सोडवून घेतलं आणि निघाले.

एक तारखेला राजीनामा दिला. उकिडवे सर हळहळले. "ऐन भरात सोडताय," ते म्हणाले. "कारण काय लिहू?"

"पाळणाघर नाही म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी 'वैयक्तिक' लिहिलं.

*

मग अडीच वर्षं मी घरी होते. रेवा बालवाडीत जायला लागली तेव्हा अर्ज करायला बसले, आणि त्या अडीच वर्षांशी येऊन अडले. सगळ्या मुलाखतींत लोक तिथेच बोट ठेवत. "हा खड्डा कसला?" पाच ठिकाणी मी खरं सांगितलं. सहाव्या अर्जात, विद्या येतच होती, दोन ओळी लिहिल्या. नोकरी लागली. तिथेच आहे. आता वरिष्ठ संशोधक म्हणतात आणि कागदावर नव्हे, खरंच संशोधन करते.

गेल्या महिन्यात आमच्या अहवालाचं प्रकाशन होतं. प्रमुख पाहुण्या होत्या ज्येष्ठ बालसंगोपनतज्ज्ञ सुमनताई भिलारे. केस रंगवलेले, चष्म्याला साखळी. त्यांचा चारशे शब्दांचा परिचय वाचला गेला. त्यात माझे पन्नास अजून जसेच्या तसे होते. काकू डोळे मिटून ऐकत होत्या.

मग अहवालाच्या लेखिकेचा, म्हणजे माझा, परिचय सुरू झाला. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत, मान खाली घालून. सूत्रसंचालिका वाचत होती, "...त्यानंतर अडीच वर्षे त्यांनी बालविकास क्षेत्रात स्वतंत्र सल्लागार म्हणून पूर्णवेळ काम केले..."

काकूंचा एक डोळा उघडला. त्या माझ्याकडे झुकल्या. अंबाड्यावर अजून अबोलीच होती.

"अडीच वर्षं सल्लागार?" त्या पुटपुटल्या. "कुणाची गं?"

"रेवाची."

"ऐकायची का ती?"

"एकदाही नाही."

काकू समाधानाने खुर्चीत मागे टेकल्या आणि पुन्हा डोळे मिटले.

"मग बरोबर लिहिलंयस," त्या म्हणाल्या.